आतड्यांतील अंकुर आणि आपली भीड

कांहीं रोगांस आपल्या समाजांत मान आहे. मधुमेह, रक्तदाब, हृद्रोग यांचीं नांवें लग्नाच्या पंक्तींतसुद्धां मोकळेपणानें घेतलीं जातात. कोणाची साखर किती चढली आणि कोणाच्या हृदयांत किती नळ्या घातल्या, हें सांगतांना सांगणाराच्या मुद्रेवर थोडा अभिमानही दिसतो. परंतु कांहीं व्याधि अशा आहेत कीं, त्यांचा उच्चार घरांतल्या घरांतही होत नाहीं. शौचावाटे रक्त पडलें, तर गृहस्थ तें पत्नीस सांगत नाहीं, आणि गृहिणी तर कोणासच सांगत नाहीं. ही भीड सभ्यतेची खूण आहे, असें आपण मानीत आलों. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाविषयीं गेल्या साठ वर्षांत जें ज्ञान हातीं आलें आहे तें पाहतां, ही भीड फार महाग पडते, एवढेंच या लेखांत सांगावयाचें आहे.

प्रथम रोगाचें स्वरूप पाहूं. मोठें आतडें म्हणजे सुमारें पांच फूट लांबीची नळी. लहान आतड्यांतून आलेल्या पातळ अन्नशेषांतील पाणी शोषून घ्यावें व उरलेला मल गुदाशयापर्यंत पोंचवावा, हें तिचें काम. या नळीचें आंतील अस्तर दर चार-पांच दिवसांनीं नवें होतें. जुन्या पेशी गळतात व खालून नव्या येतात. नवी पेशी होणें म्हणजे जुन्या पेशींतील आज्ञापत्राची नक्कल होणें होय. ज्यांनीं हस्तलिखित पोथ्या चाळल्या आहेत त्यांस ठाऊक आहे कीं, लेखनिक कितीही सावध असला तरी कोठें तरी एखादी मात्रा सुटतेच. पुढील नक्कल करणारा ती चूक इमानानें उतरून घेतो आणि स्वतःच्या एका चुकीची भर घालतो. आतड्याच्या अस्तरांत हेंच घडतें. एका चुकीनें पेशींची वाढ किंचित् बेबंद होते व अस्तरावर लहानसा उंचवटा उठतो. डॉक्टर त्यास पॉलिप म्हणतात. येथें मी त्यास अंकुर म्हणतों. कांहीं अंकुर भूछत्राप्रमाणें देंठावर उभे असतात, कांहीं चपटे, अस्तरासच चिकटलेले. त्यांपैकीं ॲडिनोमा नांवाच्या जातीच्या अंकुरांतून पुढें बहुतेक कर्करोग जन्मास येतो. बहुसंख्य ॲडिनोमा जन्मभर निरुपद्रवी राहतात. पण ज्यांत चुकांवर चुका सांचत जातात त्यांचें रूपांतर कर्करोगांत होतें, आणि या प्रवासास सामान्यतः दहा वर्षें, कित्येकदां त्याहून अधिक काळ लागतो.

हीं दहा वर्षें हाच या विषयाचा प्राण आहे. ज्या रोगाची पूर्वावस्था डोळ्यांनीं दिसते, जी हातानें काढून टाकतां येते, आणि जी काढण्यास दहा वर्षांची सवड मिळते, असे कर्करोग फारच थोडे. अडचण एवढीच कीं, अंकुर दुखत नाहीं. तो मुकाट्यानें वाढतो.

२०२२ सालच्या जागतिक गणनेप्रमाणें त्या एका वर्षांत सुमारें १९ लक्ष लोकांस हा रोग झाला आणि ९ लक्षांहून अधिक लोक दगावले. कर्करोगानें होणाऱ्या मृत्यूंत फुप्फुसाच्या कर्करोगाखालोखाल याचा क्रमांक लागतो. लोकसंख्येच्या मानानें आपल्याकडील प्रमाण युरोप-अमेरिकेहून बरेंच कमी आहे, हें खरें. त्यावरून आपल्या वर्गांतील पुष्कळांची समजूत झाली आहे कीं, हा मांसाहारी लोकांचा रोग. तांबड्या मांसानें व विशेषतः डबाबंद, खारवलेल्या मांसानें याचा धोका वाढतो, हें शास्त्रानें मान्य केलें आहे. तेव्हां वरणभाताचा कांहीं लाभ मिळत असेलही. परंतु वय, आनुवंशिकता, स्थूलता, बैठें काम, तंबाखू आणि मद्य हींही कारणें आहेतच, आणि त्यांपैकीं पहिल्या दोहोंवर पथ्याचा इलाज चालत नाहीं. शिवाय आपल्याकडे हा रोग लवकरच्या वयांत आलेला दिसतो. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयांतील ८०० रोग्यांची जी पाहणी २०१७ सालीं प्रसिद्ध झाली, तींत रोग्यांचें सरासरी वय ४७ च्या आसपास होतें. हें वय मुलांच्या शिक्षणाचें व घराच्या हप्त्यांचें, मरणाचें नव्हे.

आतां भिडेकडे वळूं. रक्त दिसलें कीं मूळव्याध, हें समीकरण आपल्या घरांत पक्कें बसलें आहे. मग ताक, इसबगोल आणि सुरण. सुरणास संस्कृतांत अर्शोघ्न, म्हणजे मूळव्याधीचा नाश करणारा, असेंच नांव आहे, त्यामुळें त्याच्या भाजीस शास्त्राचाही आधार मिळतो. हें समीकरण बहुधा खरेंही ठरतें, कारण शौचावाटे जाणाऱ्या रक्ताचें कारण बहुतेक वेळीं मूळव्याधच असतें. आणि त्याचा धोका नेमका यांतच आहे. दहा वेळां खरी ठरलेली समजूत अकराव्या वेळीं कोणी तपासून पाहत नाहीं. मूळव्याध म्हणजे गुदद्वाराशीं फुगलेल्या शिरा. अंकुर म्हणजे अस्तरावरील वाढ. दोहोंचें रक्त तांबडेंच. एकाच माणसास दोन्ही विकार असूं शकतात, आणि मूळव्याधीच्या आड अंकुर वर्षानुवर्षें लपून राहतो.

माझे एक स्नेही गणिताचे शिक्षक होते. वर्गांत मुलांस पदोपदीं सिद्धता मागणारे हे गृहस्थ. पण स्वतःच्या मूळव्याधीची सिद्धता त्यांनीं कोणा वैद्यास विचारली नाहीं. दोन वर्षें ताकसुरणावर काढलीं. एके दिवशीं पोट फुगलें, शौच बंद झालें, तेव्हां रुग्णालयांत नेलें. गांठ मलमार्ग अडवून बसली होती व तिचा प्रसार यकृतांतही झाला होता. त्यानंतर ते सात महिने जगले. त्यांच्या पत्नीनें पुढें सांगितलें कीं, कपड्यांवरील डाग त्या दोन वर्षें धूत होत्या. परंतु उभयतांत त्याविषयीं कधीं एक शब्दही झाला नव्हता.

ही भीड प्राचीनांची म्हणावी, तर तसेंही नाहीं. सुश्रुतानें अर्शाच्या चिकित्सेंत एक यंत्र वर्णिलें आहे: गाईच्या सडाच्या आकाराचें, चार अंगुळें लांब, धातूचें, हस्तिदंताचें, शिंगाचें किंवा लांकडाचें. पुरुषांसाठीं त्याचा घेर निराळा, स्त्रियांसाठीं निराळा. त्यांत पाहण्यासाठीं एक प्रकारची व शस्त्रक्रियेसाठीं दुसऱ्या प्रकारची छिद्ररचना सांगितली आहे. गुदमार्ग डोळ्यांनीं पाहिल्यावांचून त्यावर उपचार करूं नये, ही बुद्धि त्या काळींही होती, आणि स्त्रियांस तींतून वगळलेलें नव्हतें. आपली भीड त्या मानानें बरीच अर्वाचीन दिसते. इकडे अमेरिकेंत २००० सालीं केटी कूरिक नामक प्रसिद्ध वृत्तनिवेदिकेनें स्वतःच्या आतड्याची तपासणी दूरचित्रवाणीवर लोकांस दाखविली. तिचा पति १९९८ सालीं ४२ व्या वर्षीं याच रोगानें गेला होता. त्यानंतर कांहीं महिने त्या देशांत तपासणी करवून घेणारांची संख्या स्पष्टपणें वाढली, असें नंतरच्या अभ्यासांत आढळलें. आपल्या भगिनींनीं इतकें धैर्य दाखवावें असें मी म्हणत नाहीं. डॉक्टरास सांगितलें तरी पुरे.

सांगावयाचें काय? शौचावाटे रक्त, शौचाच्या नित्याच्या संवयींत आठवड्यानुआठवडे टिकणारा फरक, मल नेहमींपेक्षां बारीक होणें, शौच होऊनही न झाल्यासारखें वाटणें, कारणावांचून वजन घटणें. याशिवाय एक लक्षण पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं, तें पांडुरोगाचें. आतड्याच्या उजव्या भागांतील गांठ थोडें थोडें रक्त गमावीत राहते. तें मलांत मिसळून जातें व डोळ्यांस दिसत नाहीं. मनुष्य फिका पडतो, जिना चढतांना दम लागतो, आणि घरचे लोहाच्या गोळ्या देऊन स्वस्थ बसतात. पन्नाशीच्या पुरुषास किंवा ऋतुनिवृत्त स्त्रीस रक्तांत लोह कमी पडल्यानें पांडुरोग झाला, तर रक्त कोठें जातें हें शोधलेंच पाहिजे.

कोणतेंही लक्षण नसतां करावयाची तपासणी ही निराळी. तिचा सर्वांत सोपा प्रकार म्हणजे मलांतील अदृश्य रक्ताची परीक्षा. पूर्वीं ती ग्वायकम नांवाच्या वृक्षाच्या राळेनें होत असे. परंतु मुळा, सलगम किंवा मांस खाल्ल्यानेंही ती फसे. तरीही १९९३ सालीं प्रसिद्ध झालेल्या मिनेसोटा प्रांतांतील प्रयोगांत, प्रतिवर्षीं ही परीक्षा करणाऱ्या गटांत या रोगाचे मृत्यु शेंकडा ३३ नीं कमी झाले. हल्लीं फिट नांवाची परीक्षा आहे. ती केवळ मनुष्याचें रक्त ओळखते, म्हणून पथ्य लागत नाहीं. घरीं काडीनें किंचित् मल घेऊन नळींत घालावयाचा व प्रयोगशाळेंत द्यावयाचा, इतकेंच. इंग्लंडांत सरकार ही नळी टपालानें घरपोंच पाठवितें. आपल्याकडील राष्ट्रीय कार्यक्रमांत तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांच्या कर्करोगांची तपासणी आहे, आतड्याची नाहीं. तेव्हां येथें पुढाकार आपणच घ्यावयाचा. ही परीक्षा एकदां करून भागत नाहीं, कारण अंकुर रोज रक्त गाळीत नाहीं. आणि तींत रक्त आढळलें, तर तीच परीक्षा पुन्हा करून मनाचें समाधान करूं नये. सरळ दुर्बिणीची तपासणी करावी.

या दुर्बिणीच्या जन्मांत आपल्या एका देशबांधवाचा हात आहे, हें थोड्यांस माहीत असतें. पंजाबांत मोगा येथें जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनीं लंडनमध्यें हॅरल्ड हॉपकिन्स यांच्यासमवेत, कांचेच्या केसासारख्या तंतूंच्या जुडग्यांतून चित्र वांकड्या मार्गानेंही नेतां येतें, हें १९५४ सालीं प्रसिद्ध केलें. त्याच तत्त्वावर १९५७ सालीं बेझिल हर्शोविट्झ यांनीं जठर पाहण्याची लवचिक दुर्बीण बनविली, आणि पुढें मोठ्या आतड्याची दुर्बीण आली. तोंवर आतड्याच्या वरच्या भागांतील अंकुर काढावयाचा म्हणजे पोट फाडावें लागे. १९६९ सालीं न्यूयॉर्कमधील बेथ इझ्राएल रुग्णालयांत हिरोमी शिन्या व विल्यम वुल्फ यांनीं दुर्बिणीच्या अंगांतील बारीक मार्गांतून तारेचा फांस आंत घातला, अंकुराच्या देंठाभोंवतीं तो आवळला, आणि विजेच्या प्रवाहानें देंठ कापला. अशा रीतीनें अंकुर काढलेल्या १,४१८ रोग्यांवर पुढें अमेरिकेंत लक्ष ठेवलें, तेव्हां कर्करोगाचें प्रमाण अपेक्षेहून शेंकडा ७६ ते ९० नीं कमी आढळलें. हा निष्कर्ष १९९३ सालचा. उलट पक्षाचीही गोष्ट सांगणें प्रामाणिकपणाचें होईल. २०२२ सालीं नॉर्वे, पोलंड व स्वीडन येथील मोठ्या प्रयोगाचा निष्कर्ष आला, त्यांत तपासणीचें आमंत्रण दिलेल्या लोकांत रोग दहा वर्षांत शेंकडा १८ नींच कमी झाला. कित्येकांनीं यावरून दुर्बिणीस नांवें ठेविलीं. पण आमंत्रितांपैकीं प्रत्यक्ष तपासणीस आले ते शेंकडा ४२ च! आमंत्रणानें पोट भरत नाहीं, पानावर बसावें लागतें.

तपासणीस लोक भितात तितकी ती भयंकर नाहीं. कष्ट आहेत ते आदल्या दिवसाचे. मी स्वतः गतवर्षीं तींतून गेलों, म्हणून लिहितों. दोन-तीन दिवस आधीं कोंडा, बिया, सालें व पालेभाज्या वर्ज्य. आदल्या दिवशीं केवळ पातळ पदार्थ: नारळपाणी, पेजेवरचें निवळ पाणी, गाळलेलें वरणाचें पाणी. येथें एकादशीचा फराळ मुळींच चालत नाहीं. शेंगदाणे आणि राजगिरा हे तर आतड्याच्या भिंतीस चिकटून बसतात. कोकमाचें सरबतही नको, कारण त्याचा तांबडा रंग आंत रक्तासारखा दिसतो. मग रेचक औषधाचें पाणी, निम्में आदल्या सायंकाळीं व निम्में तपासणीच्या दिवशीं पहाटे. असे दोन भाग केल्यानें आतडें अधिक स्वच्छ होतें. शेवटीं शौचास केवळ फिकट पिंवळें, निवळ पाणी झालें म्हणजे तयारी झाली. प्रत्यक्ष तपासणी गुंगीच्या औषधांत होते व ती बहुधा आठवतही नाहीं. त्या दिवशीं घरीं नेण्यास कोणी सोबत असावें, आणि वाहन चालवूं नये.

या स्वच्छतेचें महत्त्व दुहेरी आहे. मलाच्या कणाखालीं चपटा अंकुर झांकला जातो, हें एक. दुसरें असें कीं, न धुतलेल्या आतड्यांत ज्वालाग्राही वायु सांचतो आणि तेथें विजेचा फांस चालविला तर स्फोट होऊं शकतो. १९७९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच वृत्तांतांत असा एक रोगी दगावल्याची नोंद आहे. त्यास रेचक म्हणून मॅनिटॉल ही शर्करा दिली होती आणि जंतूंनीं तिचा वायु बनविला होता. म्हणून अशा वेळीं तें रेचक आतां वापरीत नाहींत.

अंकुर काढण्याच्या रीतींतही पुष्कळ सुधारणा झाली आहे. एक सेंटिमीटरहून लहान अंकुर हल्लीं विजेवांचूनच, भोंवतालचें किंचित् निरोगी अस्तर घेऊन, थंड फांसानें कापतात. यानें थोडें रक्त तेव्हांच येऊन थांबतें, पण खोल भाजण्याचें भय राहत नाहीं. देंठ जाड असेल तर त्यांत मोठी शिर असणार, म्हणून कापण्यापूर्वीं ती औषध टोंचून आकुंचित करतात किंवा बारीक चिमटा लावून बंद करतात. मोठ्या चपट्या अंकुराखालीं निळसर रंग मिसळलेलें पाणी टोंचतात. त्या पाण्याच्या उशीवर अंकुर उचलला जातो आणि खालची स्नायूंची भिंत सुरक्षित राहते. पाणी घालूनही जो उचलला जात नाहीं, त्याची मुळें खोल गेलीं असावींत, असा संशय घेतात व पुष्कळदां तो शल्यतज्ज्ञाकडे सोंपवितात. काढलेला प्रत्येक तुकडा सूक्ष्मदर्शकाखालीं तपासण्यास गेलाच पाहिजे. माझा एकच निघाला, तांदळाच्या दाण्याएवढा, ॲडिनोमा जातीचा.

धोका नाहीं, असें नाहीं. नुसत्या तपासणींत आतड्यास छिद्र पडण्याचें प्रमाण हजारांत एकाहून कमी. अंकुर काढल्यावर, विशेषतः मोठा काढल्यावर, रक्तस्राव होण्याचें त्याहून अधिक, आणि तो दोन आठवड्यांपर्यंत केव्हांही होऊं शकतो. म्हणून मोठा अंकुर काढल्यावर लगेच काशीयात्रेस किंवा मुलाकडे परदेशीं निघूं नये. पोटांत तीव्र कळा, ताप, किंवा ओंजळभर रक्त, यांपैकीं कांहीं झाल्यास त्याच रात्रीं रुग्णालय गांठावें. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारांनीं तें डॉक्टरास आधीं सांगावें. मात्र हृदयांत नळी घातलेल्या माणसानें त्या गोळ्या स्वतःच्या मतानें बंद करूं नयेत, कारण आतडें सांभाळतां सांभाळतां हृदय गमावण्याची पाळी येते. डॉक्टर निवडतांनाही विचारण्याजोगा एक प्रश्न आहे. अंकुर शोधावयाचे ते दुर्बीण मागें घेतांना, आणि या परतीच्या प्रवासास निदान सहा मिनिटें द्यावीं, असा दंडक आहे. घाईघाईनें दुर्बीण ओढून घेणाराचें कौशल्य मला तरी नको.

पुढील तपासणी केव्हां, हें सांपडलेल्या अंकुरांवर ठरतें. एक-दोन लहान ॲडिनोमा असतील तर अमेरिकेंतील २०२० सालच्या नियमांप्रमाणें सात ते दहा वर्षांनीं; पांच ते दहा असतील, किंवा एखादा एक सेंटिमीटरचा वा त्याहून मोठा असेल तर तीन वर्षांनीं; मोठा अंकुर तुकड्या-तुकड्यांनीं काढला असेल तर सहा महिन्यांनीं. पहिल्या तपासणीचें वय त्या देशांत पूर्वीं ५० होतें, तें २०२१ सालीं ४५ वर आणलें.

ज्यांच्या घराण्यांत हा रोग आहे त्यांचा हिशेब मात्र निराळा. १८९५ सालीं मिशिगन विद्यापीठांतील ऑल्ड्रेड वॉर्थिन या विकृतिशास्त्रज्ञास त्याच्याकडे शिवणकाम करणाऱ्या बाईनें सांगितलें कीं, आमच्या घरांत बहुतेक सगळे आतड्याच्या किंवा गर्भाशयाच्या कर्करोगानें जातात, मीही तशीच जाईन. ती तशीच गेली. वॉर्थिननें तिच्या घराण्याची वंशावळ मांडून ती १९१३ सालीं प्रसिद्ध केली. पुढें हेन्री लिंच यांनीं हा अभ्यास पूर्ण केला व त्यांच्याच नांवानें ती आनुवंशिक व्याधि ओळखली जाते. अशा घरांतील मुलांची तपासणी विशी-पंचविशींतच सुरू करतात. दुसऱ्या एका आनुवंशिक व्याधींत आतड्यांत शेंकडों अंकुर उगवतात, आणि आईबापांपैकीं एकास ती असल्यास प्रत्येक अपत्यास ती येण्याचा संभव निम्मा असतो. तेथें तपासणी दहा-बारा वर्षांच्या वयापासून करावी लागते.

आपल्यांतील अनेक घराण्यांनीं कुलवृत्तांत छापले आहेत. त्यांत गोत्र, मूळ गांव, शिक्षण, हुद्दा, कोणत्या सालीं बंगला बांधला, हें सगळें सांपडतें. कोण कोणत्या वयांत कशानें गेला हें सहसा सांपडत नाहीं. ज्यांच्याकडे तें पुस्तक असेल त्यांनीं शेवटच्या कोऱ्या पानांवर, वडीलधाऱ्यांस विचारून, एवढें लिहून ठेवावें. आईबाप किंवा भावंडांपैकीं कोणास साठीच्या आंत हा रोग झाला असेल, तर त्याच्या त्या वेळच्या वयांतून दहा वर्षें वजा करावीं, व येणारें वय किंवा चाळीस यांपैकीं जें आधीं येईल त्या वर्षीं तपासणी करावी. वडिलांस ४६ व्या वर्षीं झाला असल्यास मुलाची ३६ व्या वर्षीं, आणि मुलीचीही. मुलगी सासरीं गेली म्हणजे कुलवृत्तांतांतील तिची नोंद बहुधा तेथेंच थांबते. तेव्हां ही माहिती तिच्या घरींही लिहून कळविली पाहिजे.